उलट्या आट्यांची तोटी

जीपचं बॉनेट उघडायच्या आधी मिस्त्री त्यावर हात ठेवायचे. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. डोळे मिटायचे आणि हळूच विचारायचे, "काय होतंय अव्वा?"

अव्वा म्हणजे कानडीत आई. ते कर्नाटकच्या हद्दीवरच्या मुरुम गावाकडचे, तिकडं घरोघरी निम्मी कानडी चालते. गाडी काय बोलणार? पण ते ऐकत उभे राहायचे. आपण मध्ये तोंड घातलं की म्हणायचे, "थांबा डायव्हर. तुमाला इचारलं न्हाय."

तो डायव्हर मी. चौथी शिकलेला. लिहायची सवय नाही, चुकलं तर चालवून घ्या. आता लिहिताना त्यांना 'ते' म्हणतोय. तेव्हा 'तू' म्हणायचो. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे होते, तरी. ते मला 'तुमी' म्हणायचे. ते बौद्ध, मी मराठा. तेव्हा असंच होतं, असं लोक सांगतात. असंच होतं म्हणजे आम्हीच तसं करत होतो.

जीप आमच्या गावच्या सोसायटीची. तामलवाडीपासून आत माळावर आमचं गाव. सोसायटीनं ती मिलिटरीच्या लिलावातनं आणली तेव्हाच ती म्हातारी झालेली. दारं नव्हतीच. टपाला ठिगळं. स्टार्टर चालायचा नाही, पुढनं हँडल मारायचं, आणि हँडल कधी उलटं फिरून मनगट मोडील याचा नेम नव्हता. पण चिखल असो, नाला असो, दगडाची चढण असो, बैल जिथं बसायचा तिथनं ती बाहेर यायची. त्यामुळं गावाला तिचा अभिमान होता. चालती असली की सगळे म्हणायचे, "आमची गाडी." बंद पडली की म्हणायचे, "सोसायटीची गाडी."

मिस्त्री एकदा चाकाखाली उताणे पडल्या पडल्या म्हणाले, "डायव्हर, ही समद्यांची हाय म्हनता. मग माझी कवा?"

मी म्हटलं, "तुझी कशी?"

"खोलली की माझी. मिटली की तुमची." आणि खालीच हसत राहिले.

माणूस कसा होता ते तुम्हाला सांगतो. अंगानं काटकुळा, खांद्यावर कायम तेलकट फडकं, आणि पार्ट काढला की तो त्या फडक्यावर ओळीनं मांडायचे. पहिला काढलेला पहिला, दुसरा दुसरा. कुणाचा पाय लागला तर पुन्हा सगळं उचलून मांडायचे. नवीन सामान मागवायचं नाव नाही. एकदा भर माळावर पंख्याचा पट्टा तुटला. ते तसेच चालत माझ्या घरी गेले, अंगणाबाहेर उभे राहिले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, एक जुनं लुगडं द्या. मधलं नगं, काठ पायजे." तिनं काठ फाडून दिले. त्याची त्यांनी वेणी घातली, तेल पाजलं आणि पट्ट्याच्या जागी चढवली. आठ दिवस जीप त्या काठावर पळाली. बायको रस्त्याला आली की ओरडायची, "आवो, माझं लुगडं नीट चालवा!"

आता त्या दिवसाचं सांगतो. लांबवून उपयोग नाही.

बहात्तरचा दुष्काळ. रान काळं-पांढरं पडलेलं, जनावरं लोकांनी सोडून दिलेली. सगळं गाव दुष्काळी कामावर, खडी फोडायला. काम गावापासून तीन कोसांवर, नुसता उघडा माळ. तिथं पाण्याचा थेंब नाही. गावातल्या एका विहिरीत तळाला थोडं पाणी राहिलेलं, ते शेंदून जीपच्या मागच्या ट्रेलरवरच्या टाकीत भरायचं आणि दुपार व्हायच्या आत कामावर पोचवायचं. दिवसातनं एक खेप. विहीर दुसरी खेप देतच नव्हती. टाकी पोचली तर माणसं पाणी पिणार, नाही पोचली तर दुसऱ्या दिवसापर्यंत कोरडी. त्यात लेकुरवाळ्या बाया होत्या. माझी बायकोही तिथंच खडी फोडत होती.

जीप मात्र दुष्काळातही पाणी पिणारी. रेडिएटर गळायचा. विहिरीवर बाया बोटं मोडायच्या, "माणसाला तांब्या आन गाडीला घागर!" मिस्त्रींनी रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून गळती बंद केली. म्हणाले, "घ्या. अव्वाला हळद लागली." पण हसायला कुणाजवळ थुंकी उरली नव्हती.

टाकी बसवली त्याच दिवशी सोसायटीच्या चेअरमननी मला बाजूला घेतलं. "डायव्हर, मिस्त्री गाडीला हात लावंल. टाकीला न्हाय. गाव पितंय ते पाणी." हे मिस्त्रींना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं. तोंड वर करून सांगितलं, लाज वाटली नाही.

त्यांनी विचारलं, "आन ट्रेलरचं चाक पंक्चर झालं तर?"

"ते मी काढून देतो. तू तेवढं पंक्चर काढ."

"म्हंजे चाक बाटत न्हाय, टाकी बाटती." मान हलवली आणि फडक्यानं हात पुसले. "बरं झालं सांगितलं. आमाला बाबा यातलं कळत न्हाय."

जीप त्या आठवड्यात पेट्रोल नीट ओढत नव्हती, म्हणून ते रोज माझ्याबरोबर येत होते. पण माझ्या शेजारच्या सीटवर बसायचे नाहीत. पुढं मडगार्डवर बसायचे, एक हात बॉनेटला धरून. म्हणायचे, "हितनं इंजिन नीट ऐकू येतं." सीट रिकामी असायची. मीही कधी 'बस' म्हटलं नाही.

तर त्या दिवशी निम्म्या वाटेवर जीप बंद पडली. वर सूर्य, खाली तापलेला मुरूम, सावलीला बाभूळसुद्धा नाही. मिस्त्रींनी पेट्रोलची नळी सोडवली, तोंडानं ओढली, फुंकली, पेट्रोल थुंकलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. हँडल मारलं, जीप चालू झाली. मी गिअर टाकणार तेवढ्यात ते म्हणाले, "डायव्हर, ही रेघ कसली वो?"

मागं बघितलं. आम्ही आलो त्या वाटेच्या फुफाट्यात एक काळी ओली रेघ. गावाकडनं इथपर्यंत. टाकीच्या तोटीच्या बुडातनं सुतळीएवढी धार चालली होती.

अजून दीड कोस होता आणि खड्डे पुढंच होते. असंच गेलो तर निम्मी टाकी वाटेत जिरणार.

मिस्त्री पाना घेऊन मागं आले. "सरका. दोन आटे आवळतो."

"टाकीला हात नगं लावू."

ते थांबले. माझ्याकडं बघितलं. माळावर आम्ही दोघंच, तिसरं माणूस नाही. कुणी बघत नव्हतं. तरी मी तसं बोललो. कुणी बघत नसताना बोललो, हे मला आजवर टोचतंय.

"बरं," ते म्हणाले, "तुमी आवळा. मी सांगतो." पाना खाली ठेवला आणि चार पावलं मागं सरकले. "तोटी लिलावातली हाय. आटे उलटे हायती. डावीकडं फिरवा. हलकं. गंजून धरलीय."

मी पाना उचलला. उन्हानं डोकं फुटत होतं, त्यात हा मला चार पावलांवरनं शिकवतोय याचा राग. आयुष्यभर उजवीकडं आवळत आलेला माणूस मी. म्हटलं, "तोटी आवळायची मला शिकवू नगंस," आणि उजवीकडं जोर लावला. हलेना. मग पान्यात पाइप अडकवून सगळं अंग टाकलं.

कडकन आवाज झाला. तोटी मधनं मोडून हातात आली आणि मनगटाएवढी धार माझ्या छातीवर आदळली.

ते पाणी किती गार होतं म्हणून सांगू. मी तिथंच उभा. मिस्त्री ओरडले, "पटका! पटका कोंबा!" मी डोक्याचा पटका काढून बोळा कोंबला. दाबानं तो बाहेर फेकला गेला. पुन्हा कोंबला, पुन्हा बाहेर. खुंटी ठोकावी तर मोडलेल्या तोटीचं दातेरी बूड आतच अडकलेलं. पाणी मुरमात जात होतं आणि मुरूम ते आवाज न करता पीत होता.

मग मला बाजूला लोटून त्यांनी आपला उजवा तळवा त्या भोकावर दाबून धरला. धार थांबली.

जीपचं इंजिन तेवढं चालू होतं.

मग ते शांतपणे म्हणाले, "डायव्हर, हात लागला टाकीला. काढू का?"

ते मला टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते. मी सांगितलं असतं तर काढला असता त्यांनी. तुम्ही म्हणाल, यात विचार करायचा काय? पण मी केला. चेअरमनचा केला, गावाचा केला. तेवढ्या वेळात बोटांच्या फटीतनं थेंब पडत होते, ते मोजल्यासारखे दिसत होते.

"नगं काढू," मी म्हटलं.

"मग चला. आन खड्डं बघून."

ट्रेलरच्या मागच्या पट्टीवर ते उकिडवे बसले, डाव्या हातानं टाकीची कड धरली, उजवा तळवा तोटीच्या जागेवर. दीड कोस मी गाडी हाकली. इतकी सावकाश मी पुढं आयुष्यात कधी हाकली नाही. एकेका खड्ड्याला मागनं 'हं' असा आवाज यायचा. थांबू का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "थांबू नगा. हात बधिर व्हतोय, आता काय दुखत न्हाय."

कामावर पोचलो तेव्हा दोन ओळी लागलेल्या होत्या. एक आमची, घागरी-कळश्यांची लांब ओळ. दुसरी बौद्धवाड्याची, बाजूला, थोडी लांब, तिला पाणी शेवटी. रोज तशाच लागायच्या. पण त्या दिवशी कुणी पुढं आलं नाही. सगळ्यांना आधी तो हात दिसला.

चेअरमन छत्री घेऊन आले. "ह्यो हात हितं कसा?"

मी इंजिन बंद करायला वळलो.

मिस्त्री म्हणाले, "तोटी मोडली साहेब." कुणी मोडली ते बोलले नाहीत. मी ऐकत होतो, ते बोलतील म्हणून. नाही बोलले.

चेअरमननी एकदा दोन्ही ओळींकडं बघितलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ह्ये पाणी त्या ओळीला देऊन टाका समदं. आपल्या ओळीला उद्या बघू."

त्या दुसऱ्या ओळीत कुजबुज झाली. त्यांची स्वतःची माणसं, त्यांच्या भावकीतली पोरं. सगळी टाकी त्यांना मिळत होती. मिस्त्रींनी तिकडं बघितलं, मग इकडं बघितलं. आमच्या ओळीत एक बाई कडेवरच्या पोराच्या ओठांना ओला पदर लावत होती, पण पदरही वाळलेला होता.

"समदं कसं साहेब?" ते म्हणाले. "दोनी ओळी सकाळधरनं दगडं फोडायल्यात. उद्यापातुर ही पोरं काय पितील?"

"तुला कुणी इचारलं?"

"न्हाय इचारलं. पण लवकर ठरवा. ह्यो हात आता माझा ऱ्हायला न्हाय. सुटला की कुणालाच न्हाय."

त्यांचा खांदा थरथरत होता. मी बघत होतो. अख्खं गाव बघत होतं. चारी बाजूंना तापलेला माळ आणि सगळ्यांच्या पुढं एक टाकीभर पाणी, आणि कुणी हलत नव्हतं.

तेवढ्यात आमच्या ओळीतनं एक बाई निघाली. अंगावर खडीचा पांढरा भुगा, भुवयासुद्धा पांढऱ्या. घागर आणून तिनं तोटीखाली ठेवली. चाल बघून मी ओळखलं. माझी बायको.

"दादा, सोडा पाणी."

मिस्त्री म्हणाले, "वैनी, माझ्या हातावरनं येणार बघा."

"मग काय घागरीतनं वर चढणाराय? सोडा."

आणि घागर भरायच्या आधी तिनं ओंजळ धरली. मिस्त्रींनी तळवा जरासा कलता केला. पाणी त्यांच्या बोटांवरनं, मनगटावरनं तिच्या ओंजळीत आलं. ती प्यायली. पुन्हा धरली, पुन्हा प्यायली. तोंड पुसून चेअरमनकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

मग पदरवाली बाई आली. मग एक म्हातारी. मग पोरं. मिस्त्री म्हणाले, "एक हिकडनं, एक तिकडनं. गर्दी नगं." आणि दोन्ही ओळी आळीपाळीनं पुढं सरकल्या. घागर आली की हात कलता, भरली की पुन्हा दाबून. त्या दिवशी तोटी तेच होते. चेअरमन पाठ करून खडीचे ढीग बघत राहिले.

मी प्यालो का? नाही. तहान नाही म्हणालो. खोटं बोललो.

टाकी रिकामी झाल्यावर त्यांनी हात काढला. तळवा पांढराफटक, त्यावर तोटीच्या दात्यांचं गोल कडं रुतलेलं. बोटं मिटेनात. डाव्या हातानं एकेक बोट मिटवत ते जीपच्या सावलीला बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी चेअरमनचा निरोप आला. टाकी धुवायची. गोमूत्रानं, मग राखेनं.

मी धुतली. सोसायटीच्या दारात, लोकांदेखत. टाकीत हात घालून घासत होतो तेव्हा पाठीमागं सावली पडली. मिस्त्री आले होते. हातात फडक्याची पुरचुंडी. कुठल्या तरी भंगारातल्या पितळेवर कानस मारून त्यांनी रातोरात नवी तोटी घडवली होती.

ते बघत राहिले. मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर वर बघावं लागलं असतं.

"बुडाला नीट घासा," ते म्हणाले. "तिथं गंज हाय." पुरचुंडी जमिनीवर ठेवली, सोडली आणि मागं सरकले. "आटे उलटेच हायती. टाकीचेच उलटे, मी काय करू? डावीकडं फिरवा."

आणि गेले. मान खाली घालून नाही, नेहमीसारखे, फडकं खांद्यावर टाकून.

घरी आलो तर बायकोनं भाकरी पुढं सरकवली आणि विचारलं, "धुतली टाकी?"

"धुतली."

"आता मला कशानं धुता? माझ्या तर पोटात हाय ते पाणी."

मी भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. तिनंही आग्रह केला नाही.

अडकलेलं जुनं बूड छिन्नीनं काढून तोटी मी बसवली. डावीकडं फिरवून. पाऊस पडेपर्यंत त्याच तोटीतनं गाव पाणी प्यायलं. चेअरमन प्यायले, भटजी प्यायले. थेंबभर गळली नाही. ती कुणाच्या हातची होती ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. बायको तेवढी घागर भरून झाली की पदरानं तोटी पुसायची.

मिस्त्री पुन्हा आमच्या जीपला हात लावायला आले नाहीत. मी दोनदा निरोप धाडला. तिसऱ्यांदा स्वतः गेलो तर खोपटाला कुलूप. कुणी म्हणालं सोलापूरला गॅरेजात लागले, कुणी म्हणालं ईट गावाकडं कुठं तरी पंप दुरुस्त करतात. जीपला दुसरे मिस्त्री आले, तिसरे आले. बॉनेट उघडायचे आणि थेट हातोडी मारायचे. पुढच्या वर्षी ती बंद पडली ती पडलीच. माझी डायव्हरकीही सुटली. मिस्त्री आज आहेत की नाहीत, ठाऊक नाही. असतील तर नव्वदीला टेकले असतील.

बायको गेली मागच्या चैत्रात. पोरबाळ नाही आम्हाला, म्हणून पाण्याचं मडकं माझ्याच खांद्यावर आलं. तुम्हाला माहीतच आहे, मडकं घेऊन सरणाभोवती फिरायचं आणि मागचा माणूस दगडानं त्याला भोक पाडतो. त्यानं भोक पाडलं. माझ्या पाठीवर गार पाणी लागलं, आणि माझा हात आपोआप मागं गेला. तळवा भोकावर दाबून धरला.

"आबा, हात काढा," कुणी तरी म्हणालं. "वाहू द्यावं लागतं."

मला कळत होतं. तरी काढवेना. तसाच फिरत राहिलो. पाच पावलं, जास्तीत जास्त सहा. मग खांदा भरून आला, बोटं थरथरायला लागली आणि हात सुटला.

त्यांनी दीड कोस धरला होता.